स्वतः बांधलेल्या एक-आसनी विमानाचे वजन आणि तोल: पहिल्या उड्डाणापूर्वीची मोजणी कशी करावी

फ्लाय बेबी, टेलर मोनोप्लेन, व्होल्क्सप्लेन व्हीपी-१ किंवा जोडेल डी-९ यांसारखे विमान आराखड्यांवरून बांधायला कित्येक वर्षे लागतात. त्याचे वजन करायला अर्धा दिवस पुरतो. म्हणूनच हे काम तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, रंग पुरता वाळलेला नसताना, उसने आणलेले दोन काटे जमिनीवर ठेवून उरकले जाते आणि त्यातून आलेला आकडा विमानाच्या कागदपत्रांत कायमचा जाऊन बसतो. हा लेख त्या अर्ध्या दिवसाचा क्रम सांगण्यासाठी आहे. बांधणी, इंजिनाची निवड आणि उड्डाण-परवाना हे विषय येथे घेतलेले नाहीत.

एक-आसनी विमानात हा हिशेब अधिक काटेकोरपणे का करावा लागतो, एवढे आधी लक्षात घ्यावे. फ्लाय बेबीचे रिकामे वजन सुमारे २७४ किलो आणि कमाल वजन सुमारे ४१९ किलो आहे. म्हणजे ८५ किलोचा वैमानिक हा उडणाऱ्या वजनाचा पाचवा हिस्सा असतो, आणि तो नेमका गुरुत्वमध्यावर (म्हणजे सीजीवर, जिथे विमान तोलून राहते त्या बिंदूवर) बसत नाही. खुली कॉकपिट, खाली पंख आणि मागे टेलव्हील (शेपटीखालचे छोटे चाक) अशा रचनेत तो गुरुत्वमध्याच्या बराच मागे बसतो, तर इंधनाची टाकी त्याच्या पुढे, फायरवॉल (इंजिनामागची आगरोधक भिंत) आणि डॅशबोर्ड यांच्या मध्ये असते. इंधन जळत जाते तसा पुढचा भार कमी होतो, मागचा भार तेवढाच राहतो आणि सीजी संपूर्ण उड्डाणभर मागे सरकत राहतो. त्यामुळे या विमानांचा तोल टाकी भरून उडताना नव्हे, तर टाकी रिकामी होत आलेली असताना उतरतानाच्या स्थितीत तपासावा लागतो. बहुतेक चुकलेले हिशेब याच ठिकाणी चुकलेले असतात.

पुढे दिलेले आकडे अशाच जातीच्या, परंतु कल्पित विमानाचे आहेत. रीत समजण्यापुरतेच ते वापरावेत. आपल्या विमानाला लावू नयेत.

टप्पा १: कागद आधी, काटे नंतर

वजन करण्यापूर्वी आराखड्यांतून चार गोष्टी एका कागदावर उतरवून घ्याव्यात: संदर्भरेषा कोणती, विमान समतल मानण्याची जागा कोणती, सीजीची पुढची व मागची मर्यादा किती आणि कमाल वजन किती.

संदर्भरेषा म्हणजे जिथून सर्व अंतरे मोजायची ती काल्पनिक उभी रेषा. काही रचनाकार ती फायरवॉलवर धरतात, काही पंखाच्या पुढच्या कडेवर. पुढच्या कडेवर असेल तर तिच्या पुढे असलेल्या सर्व वस्तूंची अंतरे ऋण धरावी लागतात, आणि एक ऋण चिन्ह विसरले तरी उत्तर बिघडते, पण वरवर पाहता ते पटण्यासारखेच दिसते.

मर्यादा फक्त रचनाकाराच्या घ्याव्यात. ‘साधारण पंखाच्या रुंदीच्या पावभागावर तोल आला की झाले’ हा सल्ला हँगरमध्ये सर्रास ऐकू येतो. तो खेळण्यातल्या ग्लायडरला ठीक आहे. आपण इंजिन बदलले असेल, कॉकपिट लांबवली असेल किंवा शेपटीचे क्षेत्रफळ बदलले असेल, तर मूळ मर्यादाही जशाच्या तशा लागू राहतात असे गृहीत धरू नये. रचनाकार हयात नसेल तर ते विमान पूर्वी बांधलेल्या लोकांना आणि जाणकार तपासनिसाला विचारावे.

आपल्या उदाहरणात संदर्भरेषा पंखाच्या पुढच्या कडेवर आहे, पंखाची रुंदी १३७० मिमी आहे, सीजीची मर्यादा २७० ते ४१० मिमी आहे आणि कमाल वजन ४१९ किलो आहे.

टप्पा २: विमान उडेल तसेच वजनाला आणावे

विमान पूर्ण झालेले असले पाहिजे, आणि पूर्ण याचा अर्थ शब्दशः घ्यावा. रंग वाळलेला, गाद्या बसवलेल्या, स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) व काउलिंग (इंजिनावरचे आवरण) स्क्रूंसह लावलेली, सुरक्षापट्टे, बॅटरी, रेडिओ, अग्निशामक असे जे जे कायम विमानात राहणार ते सर्व आपापल्या जागी. हत्यारे, चिंध्या, आसनाखाली राहून गेलेला स्क्रू-ड्रायव्हर हे सर्व बाहेर. इंजिनात तेल पूर्ण पातळीपर्यंत भरावे आणि तशी नोंद करावी. टायरमध्ये नेहमीची हवा असावी.

इंधन मात्र काढून टाकावे. विमान समतल स्थितीत ठेवून टाकीतून जेवढे निघेल तेवढे काढले की तळाशी उरते ते न वापरता येणारे इंधन; ते रिकाम्या वजनात धरले जाते. हे काम हँगरबाहेर, धातूच्या डब्यात आणि विमान व डबा अर्थिंगच्या तारेने जोडूनच करावे.

सावधान: ‘रंगाचे काय मोठे वजन’ असे म्हणून रंगाआधी तोललेल्या विमानाचा हिशेब टाकून द्यावा. शेपटीवर पुट्टी आणि रंग मिळून दीड किलो चढले, तर आपल्या उदाहरणातले विमान ८५ किलोच्या वैमानिकासह, रिकाम्या टाकीने, ४०९ वरून ४२४ मिमीवर जाते, म्हणजे मर्यादेबाहेर. तो दीड किलो भरून काढायला फायरवॉलवर सुमारे ७ किलो शिसे बसवावे लागते. म्हणून शेपटी रंगवताना हात आखडता ठेवावा आणि आरशासारखी चकाकी इंजिनाच्या काउलिंगवर आणावी.

टप्पा ३: जागा आणि काटे

बंद हँगर आणि सपाट काँक्रीटची जमीन हवी. दारे उघडी असली तर एवढ्याशा झुळकेने पंख थोडे उचलले जातात आणि काट्यावरचे आकडे हलत राहतात. एवढ्या हलक्या विमानाच्या बाबतीत ही अतिशयोक्ती नाही.

काटे तीन लागतात. विमानांसाठी बनवलेला संच मिळाला तर उत्तम. अमेरिकेत ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेच्या अनेक शाखा आपल्या सभासदांना असा संच वापरायला देतात. घरातले बाथरूमचे काटे वापरण्याला मनाई नाही, पण त्यांच्या तीन खोडी आहेत. एक, त्यांची क्षमता अनेकदा १५० किलोच असते आणि आपल्या उदाहरणात एकेका मुख्य चाकावर १३३ किलो येतात, म्हणजे काटा आपल्या टोकाशी काम करतो. दोन, बरेच डिजिटल काटे पहिला स्थिर आकडा पकडून ठेवतात आणि नंतर बंद पडतात, त्यामुळे विमान किंचित हलवून पुन्हा पाहण्याची सोय राहत नाही. तीन, दोन सारखे दिसणारे काटे सारखे मोजतीलच असे नाही.

तपासणी: एकाच माणसाने तिन्ही काट्यांवर एकामागून एक उभे राहावे, नंतर हातात वजन माहीत असलेली वस्तू घेऊन पुन्हा उभे राहावे. फरक अर्ध्या किलोपेक्षा जास्त असेल, तर तो काटा शेपटीखाली तरी मुळीच ठेवू नये. शेपटीकडचे अंतर मोठे असल्यामुळे तिथली अर्ध्या किलोची चूक चाकांवरच्या कित्येक किलोंच्या चुकीएवढी ठरते.

टप्पा ४: विमान समतल करणे

टेलव्हीलचे विमान शेपटी जमिनीवर टेकवून तोलणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. विमान नाक वर करून उभे असते तेव्हा चाकांच्या आसाच्या वर असलेला गुरुत्वमध्य मागे झुकतो आणि शेपटीचा आकडा फुगतो. तो दीडपट झाला तरी नवल नाही. मग नसलेला दोष दुरुस्त करण्यासाठी नाकात शिसे भरले जाते आणि विमान खरोखरच नाकाला जड होते.

क्रम असा ठेवावा. प्रथम मुख्य चाके काट्यांवर चढवावीत. नंतर शेपटी उचलून तिच्याखाली भक्कम घोडी आणि घोडीखाली तिसरा काटा ठेवावा. मग आराखड्यात सांगितलेल्या जागी, बहुतेक लाकडी सांगाड्यांत कॉकपिटच्या कडेच्या वरच्या लाँगेरॉनवर (सांगाड्याच्या लांबीतल्या मुख्य पट्टीवर), पाणसळ ठेवून शेपटीची उंची जुळवावी. आडवी समतलताही पाहावी. एका टायरमध्ये हवा कमी असेल तर ती येथेच लक्षात येते.

ब्रेक सोडलेले असावेत. चाके काट्यावर चढवताना लँडिंग गिअर (चाकांचे पाय) बाहेर फाकतो आणि टायर काट्याला आडवे रेटतात. त्यामुळे आकडा चुकतो. विमान दोन-तीन बोटे मागेपुढे लोटून हा ताण मोकळा करावा, किंवा टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवावेत. पत्रे, पाचरी, घोडी असे काट्यावर जे जे आहे त्याचे वजन वेगळे करून लिहून ठेवावे, कारण ते नंतर वजा करायचे आहे.

सावधान: घोडीवर टेकलेल्या शेपटीजवळ एक माणूस अखेरपर्यंत उभा असावा.

टप्पा ५: अंतरे प्रत्यक्ष मोजावीत

आराखड्यात चाकाचा आस पुढच्या कडेपासून किती अंतरावर आहे हे दिलेले असते, पण तो आकडा कागदावरच्या विमानाचा आहे. आपल्या विमानाचा गिअर वजनाखाली फाकलेला आहे, कदाचित बांधतानाच १० मिमी मागे बसलेला आहे. म्हणून विमान समतल आणि काट्यांवर असतानाच ओळंबा सोडावा.

पंखाच्या पुढच्या कडेवरून दोन्ही बाजूंना ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि त्या जोडणारी दोरी ताणावी, ती संदर्भरेषा. मग दोन्ही आसांच्या मध्यावरून आणि शेपटीच्या टेकूच्या बिंदूवरून ओळंबे सोडून त्यांच्या खुणा कराव्यात. अंतरे जमिनीवर, या दोरीशी काटकोनात मोजावीत. सांगाड्याच्या तिरक्या अंगाला टेप लावून मोजू नयेत. घोडी टेलव्हीलच्या आसाखाली नसून थोडी पुढे असेल तर मोजायचे अंतर घोडीपर्यंतचे, टेलव्हीलपर्यंतचे नाही.

तपासणी: डाव्या आणि उजव्या आसाच्या अंतरात ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला, तर पुढे जाऊ नये. गिअर वाकडा बसला आहे किंवा संदर्भरेषेची दोरी तिरकी आहे; दोन्हींपैकी काय ते आधी शोधावे.

टप्पा ६: वजन आणि रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य

तीनही आकडे एकाच वेळी वाचावेत. नंतर विमान काट्यांवरून उतरवून, पुन्हा चढवून, पुन्हा समतल करून तेच करावे. जमल्यास डावा-उजवा काटा बदलून तिसऱ्यांदाही. एकूण वजनात एका किलोच्या आत मेळ बसत नसेल, तर तीन वाचनांची सरासरी काढून चालत नाही; कुठेतरी घर्षण किंवा वारा आहे, तो काढून टाकावा.

उदाहरणातले वाचन असे आहे. डावे चाक १३२.५ किलो, उजवे चाक १३३.५ किलो, शेपटीखालचा काटा २१.४ किलो, त्यातून घोडीचे ७.४ किलो वजा करून शेपटी १४ किलो. एकूण २८० किलो. आस संदर्भरेषेच्या ५० मिमी मागे, शेपटीचा टेकू ४२५० मिमी मागे.

प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणले की मोमेंट मिळतो. चाकांचा २६६ × ५० = १३,३०० आणि शेपटीचा १४ × ४२५० = ५९,५००; बेरीज ७२,८००. तिला २८० ने भागले की २६० मिमी.

हा आकडा पुढच्या मर्यादेच्याही पुढे आहे म्हणून घाबरायचे कारण नाही. मर्यादा उडणाऱ्या विमानाला असते, आणि वैमानिकाशिवाय हे विमान उडत नाही. याच जागी घाबरून शेपटीत वजन घालणारे लोक पुढच्या टप्प्यावर अडचणीत येतात.

टप्पा ७: वैमानिकाची जागा अंदाजाने धरू नये

आराखड्यातला वैमानिकाचा बिंदू हा रचनाकाराच्या अंगकाठीचा असतो. आपली गादी जाड असेल, पाठीमागे पॅराशूट असेल, पाय लांब असतील, तर बिंदू सरकतो. तो शोधण्याचा खात्रीचा मार्ग एकच: उडताना जे कपडे, बूट, हेल्मेट आणि पॅराशूट असेल ते सर्व घालून आधी स्वतःचे वजन करावे, मग विमान काट्यांवर समतल असतानाच आत बसावे आणि तीनही काटे पुन्हा वाचावेत. चढताना एकाने शेपटी आणि एकाने पंखाचे टोक धरलेले असावे. बसल्यावर पाणसळ पुन्हा पाहावी, कारण टायर दबतात.

उदाहरणात ८५ किलोचा वैमानिक बसल्यावर शेपटी १४ वरून ३१.२ किलोवर जाते आणि मुख्य चाकांवर मिळून ३३३.८ किलो येतात. नवा मोमेंट १,४९,३०० झाला. त्यातून जुने ७२,८०० वजा केले की ७६,५०० उरतात, आणि त्यांना ८५ ने भागल्यावर वैमानिकाचे अंतर ९०० मिमी मिळते. टाकीचे अंतरही अशाच रीतीने, मोजून इंधन भरून, काढता येते. मात्र ते काम दारे उघडून आणि आजूबाजूला ठिणगी पडणार नाही याची खात्री करूनच करावे. आपल्या उदाहरणात टाकीचे अंतर १०० मिमी आहे. पेट्रोल लिटरला सुमारे ०.७२ किलो धरावे.

टप्पा ८: चार स्थिती, एक नाही

बहुतेक कागदांत ‘वैमानिक अधिक पूर्ण टाकी’ अशी एकच स्थिती सापडते. निदान पुढील चार तरी काढाव्यात. पूर्ण टाकी ४५ लिटर, म्हणजे ३२.४ किलो.

८५ किलो, पूर्ण टाकी: एकूण ३९७.४ किलो, सीजी ३८४ मिमी.
८५ किलो, रिकामी टाकी: ३६५ किलो, सीजी ४०९ मिमी.
९५ किलो, पूर्ण टाकी: ४०७.४ किलो, सीजी ३९७ मिमी.
९५ किलो, रिकामी टाकी: ३७५ किलो, सीजी ४२२ मिमी.

तिसरी आणि चौथी ओळ एकत्र वाचावी. ९५ किलोचा मित्र टाकी भरून निघाला, तर विमान वजनातही बसते आणि तोलातही. टाकीत सुमारे २० लिटर उरले की तेच विमान हवेत मर्यादा ओलांडते, आणि तेही नेमके परतीच्या वेळी. पहिल्या वैमानिकाच्या हातीही एक मिलिमीटरच शिल्लक आहे: त्याने मागच्या कप्प्यात, १५०० मिमीवर, ५ किलोची पिशवी ठेवली तर सीजी ४२४ वर जातो.

बैलगाडी उलाळ झाली तर जू वर उचलले जाते आणि मागचे चार पोती पुढे ओढून काम भागते. हवेत उलाळ झालेल्या विमानात पुढे ओढायला काहीच नसते. सीजी मागे गेला की स्टिक हलकी लागते, विमान आपला वेग स्वतःहून धरत नाही, आणि स्टॉल (पंखांची उचल तुटणे) किंवा स्पिनमधून (गरगरत खाली येण्यातून) बाहेर येणे कठीण, कधी अशक्य होते. पुढच्या मर्यादेबाहेर गेलेले विमान वेगळ्या प्रकारे त्रास देते: उतरताना नाक वर धरायला एलेव्हेटर (शेपटीवरचा आडवा हलता पंख) पुरत नाही आणि ब्रेक लावला की नाकावर पडण्याची भीती वाढते. म्हणून हलक्या वैमानिकाची, ६० किलो आणि पूर्ण टाकीची, स्थितीही पाहावी; येथे ती ३४९ मिमी आहे आणि काही अडचण नाही.

टप्पा ९: दुरुस्ती

पहिला उपाय शिसे हा नाही. आधी जे वजन विमानात आहेच ते हलवून पाहावे, आणि त्यात बॅटरीचा क्रमांक पहिला. उदाहरणात ६ किलोची बॅटरी आसनामागे १४०० मिमीवर होती. ती फायरवॉलवर, संदर्भरेषेच्या ३५० मिमी पुढे नेली की मोमेंट १०,५०० ने कमी होतो. मग ८५ किलो रिकाम्या टाकीने ३८० मिमी, ९५ किलो रिकाम्या टाकीने ३९४ मिमी आणि ६० किलो पूर्ण टाकीने ३२१ मिमी. तिन्ही स्थिती मर्यादेत आल्या आणि विमानाच्या वजनात एक ग्रॅमही भर पडली नाही, लांब झालेल्या किंवा आखूड झालेल्या तारेचा अपवाद सोडून.

बॅटरी हलवल्यानंतर कागदावर नवा हिशेब मांडून थांबू नये. विमान पुन्हा काट्यांवर घ्यावे. शिसे घालावेच लागले तर ते जिथे बसवायचे तिथली चौकट ते वजन धक्क्यात पेलेल का हे पाहावे, बोल्टने जखडावे आणि त्यावर ‘काढू नये’ असे लिहावे. इंजिन माउंट लांबवणे हा मोठा बदल आहे. रचनाकाराच्या किंवा अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय त्याला हात लावू नये.

टप्पा १०: नोंद आणि पुढचे वजन

अंतिम कागदावर तारीख, कोणते काटे वापरले, तीनही वाचने, वजा केलेली वजने, प्रत्यक्ष मोजलेली अंतरे, विमानात त्या दिवशी असलेल्या उपकरणांची यादी आणि तेलाची पातळी हे सर्व असावे. नुसता अंतिम आकडा असलेला कागद दोन वर्षांनी कोणालाही तपासता येत नाही. अमेरिकेत एफएए या विमान-नियामक संस्थेचा निरीक्षक किंवा त्याचा नियुक्त प्रतिनिधी प्रायोगिक प्रमाणपत्र देताना हा कागद मागतो. ब्रिटनमध्ये तो एलएए या हलक्या विमानांच्या संघटनेच्या फाइलमध्ये जातो. भारतात डीजीसीए या नागरी विमान-नियामकाच्या परवानगीशिवाय उड्डाणच नाही, तेव्हा तिथेही तो लागतोच.

कॉकपिटमध्ये लावायच्या पट्टीवर मोमेंट लिहू नयेत. वैमानिकाचे कमाल वजन, मागच्या कप्प्याची मर्यादा आणि किमान इंधन एवढेच, मोठ्या अक्षरांत.

पहिली चाचणी-उड्डाणे मर्यादेच्या मध्याच्या जवळपास किंवा किंचित पुढे सीजी ठेवून करावीत आणि मागच्या मर्यादेकडे नंतर, थोडे थोडे वजन बांधून, पुरेशा उंचीवर जावे. ते वजन वाळूच्या सुट्या पिशवीत नसावे. पिशवी सरकली तर हिशेबही तिच्याबरोबर सरकतो.

नवा प्रोपेलर, वेगळा रेडिओ, चाकांवरची आच्छादने, जाड गादी किंवा शेपटीची कापड-दुरुस्ती झाल्यावर बदल हिशेबाने नोंदवता येतो. विमान पुन्हा रंगवले किंवा त्यावर नवे कापड चढवले, तर मात्र टप्पा २ पासून सर्व पुन्हा करावे.